उष्टावण आणि पेज

‘उष्टावण’ हा शब्द ‘उष्टे’ म्हणजे संस्कृत ‘उच्छिष्ट’ यापासून आलेला आहे. बालकाच्या मुखी प्रथम अन्न लागते ते या संस्कारात. आश्वलायन गृह्यसूत्राने त्याचा काल सहावा महिना सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली केवळ स्तनपानाची जी मुदत ठरविली, तीही सहा महिन्यांचीच. परंतु सूत्रकार काल सांगून थांबत नाही; दही, मध व तूप मिसळलेले अन्न द्यावे, असेही तो सांगतो. (यांतील मध आज पहिल्या वर्षात वर्ज्य मानला जातो.)

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा धानाचा जिल्हा. गरिबाघरी दही-तूप कोठून येणार? तेथे पेजेवरच भागवावे लागते. पातळ पेजेत ऊर्जा स्तनदुग्धाहूनही कमी असते, लोह तर नाममात्र. आणि बालकाचा जन्मजात लोहसाठा नेमका याच सुमारास सरत येतो. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढे क्वचितच पूर्णपणे भरून निघते. लोहाभावाने बुद्धीच्या वाढीस पोचलेली हानीही पुष्कळदा टिकून राहते.

वस्तुतः प्रथिन बांधीतच होते. उभ्या धानात फेकून पेरलेली लाखोळी फारशी मशागत न करता पिकते. पण ती सतत व अतिप्रमाणात खाल्ल्यास पाय लुळे पडतात. म्हणून १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीस बंदी घातली. पेरा मात्र थांबला नाही. तूर, मूग, अंडे यांना दाम मोजावा लागतो. १९७५ साली देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील पूरक आहार या उणिवेसाठीच होता.