जोखनबाग आणि त्यानंतरची झाशी

इ. स. १८८९ च्या ऑगस्ट महिन्यात आग्र्याहून एक पत्र निघाले. लिहिणारे मार्टिन नावाचे एक साहेब होते आणि ज्यांना ते लिहिले होते ते दामोदरराव, म्हणजे झाशीच्या राणी लक्ष्मीबाईसाहेबांचे दत्तक चिरंजीव. संस्थान गेले, आई रणांगणावर पडली, आणि १८६० पासून दामोदरराव आपल्या या इंदूर शहरी सरकारी नेमणुकीवर दिवस कंठीत होते. १९०६ साली त्यांचा देहही येथेच पडला. मार्टिनसाहेबांच्या पत्राचा आशय असा, की तुमच्या मातुःश्रींवर घोर अन्याय झाला आहे. १८५७ च्या जूनमध्ये झाशीस युरोपियनांची जी हत्या झाली तीत त्यांचा काडीइतकाही हात नव्हता. उलट किल्ल्यात अडकलेल्यांस त्यांनी दोन दिवस अन्न पुरविले. पारसनिसांनी १८९४ साली राणीसाहेबांचे चरित्र प्रसिद्ध केले, त्यात हे पत्र येते. बत्तीस वर्षांनंतरच्या आठवणीवर सर्वस्वी विसंबू नये हे खरेच. परंतु पुढील संशोधकांचा कौलही बहुतांशी राणीसाहेबांच्या निर्दोषत्वाकडेच झुकलेला आहे.

माझा प्रश्न निराळा आहे. हे पत्र आपणांस इतके मोलाचे का वाटावे?

घडले ते थोडक्यात सांगतो. ५ जूनला बाराव्या पलटणीच्या काही शिपायांनी छावणीतील लहान गढी बळकावली. दुसऱ्या दिवशी गोरे अधिकारी मारले गेले. उरलेल्या गोऱ्यांनी कॅप्टन स्कीन याच्या नेतृत्वाखाली बायकामुलांसह शहराच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. ८ जूनला, शस्त्रे खाली ठेवल्यास सुखरूप जाऊ देऊ, असा शब्द मिळाल्यावर ते बाहेर आले. त्यांना गावाबाहेरच्या जोखनबागेत नेण्यात आले; तेथे पुरुष, स्त्रिया आणि मुले असे वेगवेगळे उभे करून सर्वांना कापून काढले. संख्या साठाच्या आसपास होती. मग शिपायांनी राणीसाहेबांकडून पैसा उकळला आणि ते दिल्लीच्या वाटेला लागले.

राणीसाहेबांनी १२ व १४ जूनला कमिशनर अर्स्किन यास पत्रे धाडली. शिपायांच्या क्रौर्याचा त्यांत धिक्कार आहे, आणि आपल्याजवळ वाड्याच्या पहाऱ्यापुरती पन्नास-शंभर माणसे असल्याने साहाय्य करता आले नाही असा खेद आहे. जुलैच्या आरंभी अर्स्किनने, सरकारतर्फे तुम्हीच कारभार पाहावा, असे उत्तरही पाठविले. पुढे वरिष्ठांनी ते जुमानले नाही.

आता आपल्या चरित्रकारांकडे वळू. पारसनिसांपासून पुढे बहुतेकांनी आपली सारी वकिली एकाच मुद्द्यावर खर्च केली : ही हत्या राणीसाहेबांनी करविली नाही. एरव्ही जे लेखक बंडाचे समर्थन उच्च स्वरात करतात तेही येथे येताच आवाज खाली आणतात. जोखनबाग हे योग्यच झाले, असे म्हणणे त्यांच्या मनास मानवत नाही. म्हणून तर ती राणीसाहेबांच्या नावापासून दूर ठेवण्याची ही धडपड. सावरकरांनी १९०९ च्या ग्रंथात मात्र निराळा मार्ग धरला. अन्यायाच्या पोटी सूड जन्मणे त्यांनी स्वाभाविक मानले आणि त्याची बाजूही घेतली. त्या प्रतिपादनात एक रोखठोकपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही मला ते पटत नाही. शब्द देऊन बाहेर काढलेल्या मुलाने झाशीवर कोणता अन्याय केला होता? खालसा करण्याचा हुकूम काही त्याने लिहिला नव्हता.

परंतु म्हणून राणीसाहेबांचे युद्धच अन्याय्य ठरते काय? मुळीच नाही. १८१७ च्या तहाने झाशीचे राज्य वंशपरंपरेने मान्य झाले होते. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. त्यापूर्वी त्यांनी यथाशास्त्र दत्तक घेतले होते. डलहौसीने ते नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राणीसाहेबांनी तलवार उपसली नाही. त्यांनी अर्ज केले, जॉन लँगसारख्या बॅरिस्टरचा सल्ला घेतला, विलायतेपर्यंत दाद मागितली. सारी दारे बंद झाली. १८५७ च्या जूननंतरही कित्येक महिने त्या इंग्रजांशी पत्रव्यवहार करीत राहिल्या. लढल्या त्या आधी ओरछेकरांच्या चढाईविरुद्ध. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझ तोफा घेऊन दाराशी आला तेव्हा, फासावर जाणे की लढणे, एवढाच पर्याय उरला होता. न्याय्य युद्धाची याहून अधिक स्वच्छ उदाहरणे इतिहासात फारशी सापडणार नाहीत.

येथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. राणीसाहेबांस गादी परत मिळाली ती कोणामुळे? ज्या शिपायांच्या कृत्याचा त्यांनी धिक्कार केला, त्याच शिपायांनी गोरा अंमल उखडला होता. जोखनबागेत त्यांचा हात नव्हता. पण जोखनबागेनंतर रिकाम्या झालेल्या गादीवर त्या बसल्या. यात त्यांचा दोष कोणता, असे विचारल्यास मला दाखविता येणार नाही. न्याय्य लढ्याच्या वाट्यालाही असे वारसे येतात, आणि ते नाकारण्याची सोय नेत्यास नसते.

इंग्रजांनी मात्र हा हिशेब फार सोपा करून टाकला. साठ माणसांच्या हत्येची जबाबदारी साऱ्या शहरावर! ३ एप्रिल १८५८ रोजी तट ओलांडून गोरी फौज आत शिरली. त्यानंतरच्या दिवसांचे वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात केले आहे. दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेस आलेला हा गरीब भिक्षुक त्या वेळी झाशीतच अडकला होता. पुरुष दिसला की ठार करावा, घरे धुंडाळून लुटावीत, असा क्रम चालला. लोकांनी विहिरींत उड्या घेतल्या. प्रेतांच्या दुर्गंधीने गल्ल्या भरून गेल्या. इंग्रजांच्याच लेखनात मृतांचा आकडा ५,००० पर्यंत जातो. हे सारे जोखनबागेचे उट्टे म्हणून. सरसकट सुडास आवर घालू पाहणाऱ्या गव्हर्नर जनरल कॅनिंगची त्याच्याच देशबांधवांनी ‘दयाळू कॅनिंग’ म्हणून टर उडविली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे हा सूड वाजवी नव्हे हे कळणारे त्या बाजूलाही होते, फक्त त्यांचे चालले नाही.

गोडसे भटजींच्या कथनातला एक प्रसंग मी पुनःपुन्हा वाचतो. तट पडल्यावर राणीसाहेब स्वतः शत्रूवर चालून गेल्या. एका वृद्ध सरदाराने त्यांना मागे फिरविले. वाड्यावरून जळते शहर पाहताना त्यांना रडू आवरेना. आपल्या पायी हे निरपराध लोक मेले, या दुःखाने त्यांनी दारू पेटवून वाड्यासह जीव देण्याचे मनात आणले. आत्महत्या हे पाप आहे, त्यापेक्षा रणात मृत्यू बरा, अशी त्याच वृद्धाने समजूत घातली. मग त्या बाहेर पडल्या. ज्यांच्या बाजूने सारा न्याय होता त्या बाई त्या रात्री स्वतःलाच जाब विचारीत होत्या. तोफा डागणाऱ्या रोझला अशी रात्र आली असल्यास तिची नोंद माझ्या वाचनात नाही.

राणीसाहेबांचे वडील मोरोपंत तांबे दतियाकडे पकडले गेले. इंग्रजांनी त्यांना फाशी दिले ते जोखनबागेतच. जागा मुद्दाम निवडली होती हे उघड आहे.

ग्रंथालयाच्या या अंकात आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वीच्या राजांनी जमविलेला पोथ्यांचा मोठा संग्रह झाशीच्या वाड्यात होता. लुटीत तोही नासला, आणि गोडसे भटजींनी त्याबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली आहे. एवढी माणसे मेल्यावर पोथ्यांसाठी हळहळावे, हे एखाद्यास चमत्कारिक वाटेल. परंतु स्वतः नागविला गेलेला, वेदपाठावर पोट भरणारा तो माणूस होता. तो जिवानिशी सुटला, पुढे गंगेची कावड घेऊन वरसईस परतला, आणि पंचवीसेक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून आठवणी लिहावयास बसला. त्या छापल्या गेल्या १९०७ साली, त्याच्या पश्चात आणि वैद्यांच्या संस्कारासह. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली प्रत निघावयास १९६६ साल उजाडले.