मुसीचा महापूर आणि मनुष्याचा स्वभाव

मनुष्याचे वर्तन स्वाभाविक असते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा म्हणून आपण बहुधा बाजूला ठेवतो. परंतु व्यासपीठावर उभे राहिलो की त्याचे एक ठरीव उत्तर आपल्या तोंडून सहज निघून जाते: विवेक सुटला की माणसाचा पशू होतो, उपजत प्रेरणा ही पशूची आणि विवेक तेवढा माणसाचा. हे उत्तर इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हे एका घटनेच्या आधारे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

ती घटना हैदराबादेतील आहे. मुसी नदीच्या उत्तरेस, चादरघाटापासून जवळच, काचीगुडा ही वस्ती आहे. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड असा प्रवास करून येणाऱ्या मराठवाड्यातील कित्येक पिढ्यांना हे नाव रेल्वे स्थानकामुळे परिचित आहे. त्या स्थानकाची घुमटदार इमारत १९१६ सालची. तिच्या आधी आठच वर्षे, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, मुसीला जो पूर आला त्याने या शहराचा नकाशाच बदलला. नदीच्या पाणलोटात लहानमोठे ७८८ तलाव होते; अतिवृष्टीने त्यांपैकी २२१ फुटले आणि एकाचे पाणी दुसऱ्यास फोडीत खाली आले. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, एकोणीस हजारांच्या आसपास घरे पडली आणि ऐंशी हजार लोक निराश्रित झाले असा अंदाज आहे.

अशा वेळी माणसे कशी वागली? ज्यांना शक्य झाले त्यांनी प्रथम आपला जीव वाचविला. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारात एक चिंचेचे झाड होते. त्यावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली असे सांगतात. त्या झाडावर चढताना कोणी तत्त्वचिंतन केले नसेल. हाताला फांदी लागली आणि हाताने ती धरली, इतकेच. उलटपक्षी पूर ओसरताच अन्नछत्रे उघडली, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आपल्या वाड्यांची दारे निराश्रितांसाठी खुली केली, आणि सरोजिनी नायडू यांच्यासारख्या व्यक्ती मदतकार्यास लागल्या. यातील कोणते वर्तन स्वाभाविक म्हणावे? फांदी धरणे, की भाकरी वाटणे?

एक पक्ष म्हणतो की पहिलेच खरे. दुसरे हे केवळ संस्कारांचे पांघरूण आहे, संकटात ते गळून पडते. हा पक्ष अनुभवाला धरून नाही. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने जवळून पाहिला आणि लोकांचा धीर व परस्परांना साहाय्य करण्याची तत्परता पाहून तो विस्मित झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपत्तींचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनाही हेच आढळले: सैरावैरा पळापळ व लुटालूट ही समजली जाते त्याहून फार विरळ असते, आणि शेजारी शेजाऱ्यास काढतो हेच अधिक घडते. डार्विननेही १८७१ च्या आपल्या ग्रंथात मनुष्याच्या नीतिबुद्धीचे मूळ सामाजिक प्राण्यांच्या सहजप्रेरणांत शोधले होते. म्हणजे भाकरी वाटण्याचेही मूळ स्वभावातच आहे.

आपल्याकडील कीर्तनकारांच्या मुखी असलेले एक संस्कृत सुभाषित सांगते की आहार, निद्रा, भय व मैथुन ही माणसांत व पशूंत समान आहेत. धर्म तेवढा माणसाचा विशेष. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच विषयाची मांडणी निराळ्या रीतीने केली. आपले अस्तित्व राखण्याची ओढ सर्व वस्तुमात्रात आहे. संतती व तिचे संगोपन यांची ओढ आपणांत व पशूंत समान आहे. सत्य जाणण्याची व समाजात राहण्याची ओढ विवेकी प्राण्याची आहे. परंतु या तिन्ही ओढी त्यांनी नैसर्गिक नियमातच गणल्या. खालची पायरी पाडून वरची बांधता येत नाही, हा त्यांच्या विचाराचा आशय आहे.

पवित्र शास्त्र तर याहून सूक्ष्म आहे. 'स्वभावतः' या अर्थाचा एकच ग्रीक शब्द पौल दोन ठिकाणी वापरतो. रोमकरांस लिहिताना तो म्हणतो की ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही ते परराष्ट्रीयही स्वभावतः नियमशास्त्रातील गोष्टी करतात. इफिसकरांस पाठविलेल्या पत्रात आपण सर्व स्वभावतः क्रोधास पात्र होतो असे म्हटले आहे. हा विरोधाभास नाही. एकच स्वभाव देवाने घडविलेला आहे आणि पापाने बिघडविलेलाही आहे. ही भेग प्रेरणा व विवेक यांच्या मधून जात नाही. ती दोहोंतून जाते. म्हणूनच यशया बैलाचे व गाढवाचे उदाहरण देतो ते त्यांच्या निंदेसाठी नव्हे. ती जनावरे आपल्या धन्याला ओळखतात, विवेकी म्हणविणारे लोक ओळखत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. उर्दूचे विख्यात रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी या पुरात वाहून गेल्या. ते स्वतः वाचले आणि त्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षे, १९६१ पर्यंत, जगले. त्यांच्या अंतःकरणाविषयी तर्क करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु प्रत्येक पुरानंतर, भूकंपानंतर, साथीनंतर आपल्या मंडळीत अशी माणसे असतात की जी वाचली आणि ज्यांचे कोणी वाचले नाही. माझा हात का सुटला, मी आधी फांदी का धरली, हा प्रश्न त्यांना झोपू देत नाही. अशा माणसासमोर आपण 'जीव वाचविणे ही पशुवृत्ती' असे सूत्र उच्चारतो तेव्हा आपण काय करतो, याचा विचार व्हावयास हवा.

मंडळीच्या इतिहासाने या प्रश्नाचा निर्णय फार पूर्वी दिला आहे. सातव्या शतकात वाद उपस्थित झाला की ख्रिस्ताला मानवी इच्छा होती काय. गेथशेमाने बागेत प्रभूने प्याला टळावा अशी प्रार्थना केली, तिचा अर्थ काय? माक्सिमस या साधूने उत्तर दिले की मरणापासून मागे सरणे हे मानवी स्वभावाला धरून असून त्यात दोष नाही. प्रभूने ते खरोखर स्वीकारले आणि आज्ञापालनात पित्याला अर्पण केले. माक्सिमस ६६२ साली हद्दपारीत वारला. पण ६८०–६८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ख्रिस्ताच्या ठायी दैवी व मानवी अशा दोन इच्छा मान्य केल्या. जी ओढ निष्पाप प्रभूच्या ठायी होती तिला पाप म्हणण्याची मुभा आपणांस नाही. फांदी धरणारा हात देवानेच घडविला आहे. त्या हाताने दुसऱ्यालाही वर ओढले तर ती कृपा. ओढता आले नाही तर तो शोक आहे, अपराध नव्हे.

मग पाप कोठे शोधावे? पुराच्या रात्रीपेक्षा ते शांततेच्या वर्षांत शोधावे. १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या यांना हैदराबादेत पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेनुसार उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. जे अजून जन्मले नाहीत त्यांच्यासाठी धरण बांधणे, हे विवेकाचे खरे काम. पशू पुरातून पळतो. पुढच्या पुराचा हिशेब मांडीत नाही. परंतु त्याच विवेकाने पुढे तलावांची पात्रे बुजवून तेथे घरे उभी केली, आणि ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत त्याच शहरातील सखल वस्त्या पुन्हा पाण्याखाली गेल्या. कोणताही पशू जाणूनबुजून दुसऱ्याचे घर पाण्याच्या वाटेवर बांधून विकीत नाही. त्यासाठी गणित यावे लागते. लोभाच्या चाकरीस लागलेला विवेक हा उपजत भयापेक्षा कितीतरी अधिक भयावह आहे.

हैदराबादच्या मराठी लोकांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जी शाळा काढली तिचे नाव त्यांनी विवेकवर्धिनी ठेवले. त्या नावात एक सत्य आहे. भूक व भय घेऊनच माणूस जन्मतो. विवेक वाढवावा लागतो. आणि वाढविलेला विवेक कोणाच्या सेवेस लागावा हे शिकविणे, हे पाळकांचे व धर्मशिक्षकांचे काम. तेव्हा येथून पुढे उपदेशात पशूंना दूषण देण्यापूर्वी आपण दोन गोष्टी कराव्या अशी आमची विनंती आहे: जो वाचला त्याला वाचल्याबद्दल देवाचे आभार मानू द्यावे, आणि जे सुखरूप आहेत त्यांना विचारावे की पाण्याच्या वाटेवर आज कोणाचे घर आहे.