विद्युत्घटाचें प्रतिरूप

१८०० सालच्या मार्च महिन्यांत व्होल्टानें इटलीहून लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस पत्र धाडून आपल्या घटमालेची वार्ता कळविली, आणि वाहत्या विजेचा उगम मनुष्याच्या हातीं आला. परंतु हा उगम जितका उपकारक तितकाच लहरी होता. कलोन येथील शिक्षक ओम हा प्रवाहाचे नियम शोधूं लागला, तेव्हां प्रयोग चालू असतांनाच घटाचा जोर ढळूं लागे. अखेर त्यानें घट बाजूस सारला. बिस्मथ व तांबें यांचा एक सांधा उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेवून मिळणारा स्थिर प्रवाह त्यानें वापरला, व १८२६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विजेच्या उगमाच्या पोटांतहि रोध असतो व तो बाहेरच्या तारेच्या रोधांत मिळवावा लागतो, हें त्यांतून सिद्ध झालें. एक आदर्श उगम आणि त्याच्या जोडीस एक रोध, हें घटाचें पहिलें कागदी प्रतिरूप होय.

हें प्रतिरूप सुटसुटीत खरें, पण अपुरें होतें. क्षारद्रावाचा रोध मोजण्यासाठीं एकाच दिशेनें प्रवाह सोडला, तर धातूच्या पट्ट्यांचा पृष्ठभागच पालटतो आणि माप खोटें ठरतें. म्हणून १८७० च्या सुमारास कोलराउश यानें प्रवाहाची दिशा क्षणोक्षणीं उलटविण्याची युक्ति योजिली. एका क्षणीं झालेला फेरफार दुसऱ्या क्षणीं पुसला जाई. त्या पृष्ठभागावर काय घडतें याचा खुलासा १८७९ सालीं हेल्महोल्ट्झनें केला. धातूंत एक विद्युत्भार व लगतच्या द्रवांत त्याच्या विरुद्ध भार, असे दोन थर अत्यल्प अंतरावर समोरासमोर उभे राहतात. हा तर कंडेन्सरच! आकृतींत त्याला जागा मिळणें क्रमप्राप्त होतें.

पुढें १८९९ सालीं वारबुर्गनें आणखी एक अडचण हिशेबांत आणली. पट्टीजवळील आयन खर्ची पडले, कीं दूरच्या आयनांना द्रवांतून वाट काढीत यावें लागतें. या पुरवठ्यामुळें होणारा विरोध प्रवाहाची आवर्तनें चौपट केलीं असतां निम्मा होतो. मोजके रोध व कंडेन्सर कसेहि जोडले, तरी हा नियम तंतोतंत साधत नाहीं. तेव्हां आकृतींत वारबुर्गच्या नांवाचें असें चिन्ह आलें, कीं ज्याचा नग कोणत्याहि दुकानांत मिळावयाचा नाहीं.

रशियांत डोलिन व एर्शलर यांनीं १९४० सालीं याच वाटेनें पाऊल टाकलें होतें. १९४७ सालीं बर्मिंगहॅमच्या रँडल्स यानें सर्व अंगें एकत्र बसविलीं. प्रथम द्रवाचा रोध. त्यापुढें एका फांद्यावर कंडेन्सर, तर दुसऱ्यावर विद्युत्कण पृष्ठभाग ओलांडतांना होणारा रोध व वारबुर्गचें चिन्ह. आवर्तनें शीघ्र असतां कंडेन्सर वाट मोकळी करून देतो व केवळ द्रवाचा रोध दिसतो. मंद असतां आयनांचा पुरवठा वरचढ ठरतो. अशा रीतीनें घट न फोडतां त्याच्या पोटांतील व्यापार निरनिराळे ओळखतां येऊं लागले. आज मोटारींतील बॅटरीचें जुनेपण आणि रंगाच्या थराखालीं चढणारा गंज हींहि याच पद्धतीनें तपासतात.

परंतु श्रोतेहो, येथेंच सावधगिरी हवी. अगदीं भिन्न रचनेचीं दोन मंडलें प्रत्येक आवर्तनास एकसारखेंच उत्तर देऊं शकतात. शिवाय चिन्हांमागून चिन्हें जोडीत गेल्यास कोणतीहि वक्ररेषा जुळवितां येते, व आतांच्या गणकयंत्रांनीं तें काम फारच सोपें केलें आहे. जुळणें म्हणजे उमगणें नव्हे. हेल्महोल्ट्झ व वारबुर्ग यांनीं आधीं निसर्गांतील घटना विचारानें ओळखली. तिचें चिन्ह मागाहून आलें. म्हणून आकृतींतील प्रत्येक चिन्हास, ‘तूं कोणाच्या वतीनें उभा आहेस? तुझें वकीलपत्र दाखीव,’ असें विचारलें पाहिजे. ज्यास तें दाखवितां येत नाहीं, त्याची साक्ष कितीहि जुळती असली, तरी ग्राह्य धरूं नये.