सुधारित चूल

सुधारित चूल : सरपण, गोवऱ्या, काडीकचरा किंवा कोळसा कमी लागावा आणि स्वयंपाकघरात धूर कोंडू नये, अशा रीतीने बांधलेली वा घडवलेली चूल. बिनधुराची किंवा निर्धूर चूल या नावांनीही ती ओळखली जाते. गॅस आणि वीज ज्यांना परवडत नाही, अशा आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील गरीब कुटुंबांसाठी तिचे अनेक प्रकार तयार झाले.

गरज : तीन दगडांच्या उघड्या चुलीत जळणातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो. अर्धवट जळालेल्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड आणि धुराचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आणि तिच्याजवळच्या लहान मुलांना त्याची सर्वांत जास्त झळ लागते. मुलांतील न्यूमोनिया, श्वसनमार्गाचे जुनाट विकार, हृदयविकार आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील अशा प्रदूषणामुळे सुमारे ३२ लाख अकाली मृत्यू झाले. पर्यावरणीय आरोग्याचे अभ्यासक कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर मोजला, तेव्हापासून या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले.

रचना : जाळाला खालून हवा मिळावी म्हणून लोखंडी जाळी, उष्णता धरून ठेवणारे मातीचे अस्तर, भांडे आणि चूल यांमध्ये बेताची फट आणि धूर बाहेर नेणारे धुराडे ही सुधारित चुलीची मुख्य अंगे होत. सर्व प्रकारांत ती सगळीच असतात असे नाही. दोन भांड्यांच्या चुलीत मुख्य जाळावरून निघालेली गरम हवा वैलाखालून (दुसऱ्या भांड्याच्या जागेखालून) धुराड्याकडे जाते, त्यामुळे त्याच जळणावर आमटी किंवा पाणी तापते. केनियातील ‘जिको’ ही कोळशाची शेगडी उचलून नेता येते. मध्ये निमुळत्या अशा पत्र्याच्या कवचात भाजलेल्या मातीचे अस्तर बसवलेले असते.

इतिहास : भारतात वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ साली ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये आपल्या निर्धूर चुलीची माहिती पुस्तिकेद्वारे प्रसिद्ध केली. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. या काळात अनुदानावर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. चीनने त्याच सुमारास याहून कितीतरी मोठी मोहीम राबवली. पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने सिमेंटच्या ‘लक्ष्मी’ चुलीसारखे नमुने आणि ते घडवण्याचे साचे तयार केले. साच्यामुळे कुंभाराला मापात चूक न होता चुली करून विकता येऊ लागल्या. जिकोचा प्रसारही मुख्यतः स्थानिक कारागीर आणि बाजारपेठ यांच्या जोरावर झाला.

वापरातील अडचणी : बसवलेल्या चुलींपैकी असंख्य चुली काही वर्षांतच पडून राहिल्या. धुराड्यात काजळी साचली की धूर घरात परततो, पण ते साफ कसे करावे हे अनेक ठिकाणी कोणी शिकवले नव्हते. तोंड अरुंद असल्याने लाकडे बारीक फोडावी लागत. ते काम वाढले म्हणून बायकांनी चुलीचे तोंड फोडून मोठे केले आणि जळणाची बचत संपली. भाकरी तव्यावर भाजून झाली की निखाऱ्यांपुढे उभी करून शेकतात. बंदिस्त चुलीत त्यासाठी जागाच उरत नाही. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांच्या ओडिशातील अशा चुलींच्या अभ्यासात धुराचा त्रास पहिल्या वर्षी कमी झाला. पुढे वापर आणि दुरुस्ती ढिली पडत गेली, तसा तो फायदा नाहीसा झाला.

सद्यःस्थिती : केंद्र सरकारच्या उज्ज्वला योजनेतून (२०१६) कोट्यवधी गरीब घरांत गॅस पोहोचला. योजनेतील आठ कोटीवी जोडणी २०१९ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. तरी पुढचे सिलिंडर भरून घेण्याइतके पैसे दरवेळी हाताशी नसतात. त्यामुळे चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत दिसते. आरोग्याच्या दृष्टीने गॅस आणि वीज हीच खरी सुधारणा आहे, कारण लाकडावरच्या उत्तम चुलीचाही धूर पूर्णपणे थांबत नाही. पण ती परवडेपर्यंत चांगल्या चुलीवर या कुटुंबांचा हक्क आहे. वाटलेल्या चुलींच्या आकड्यावरून कार्यक्रमाचे यश ठरवणे चुकीचे आहे. पाच वर्षांनीही चूल रोज पेटते का आणि बिघडल्यास गावातच दुरुस्त होते का, हे तपासले पाहिजे. रोज तिच्यावर रांधणाऱ्या बाईला आराखडा ठरवतानाच विचारले, तर यातल्या बहुतेक चुका टळतात.