वेलीचा चीक आणि काँगोचे रान

करवंदाच्या जाळीत ज्याने एकदा हात घातला आहे, त्याला चीक म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. कच्चे फळ तोडले की देठाशी पांढरा थेंब येतो, बोटांना चिकटतो आणि पाण्याने काही केल्या सुटत नाही. याच करवंदाच्या कुळात आफ्रिकेची लँडोल्फिया नावाची एक रानवेल आहे. तिच्या चिकापायी एक अख्खा देश होरपळला. ती हकीकत वाचताना मला नेहमी वाटते, की तिचा उगम राजाच्या लोभात जितका, तितकाच वेलीच्या सालीतही शोधला पाहिजे.

चीक म्हणजे झाडाचा जीवनरस नव्हे. मुळांचे पाणी आणि पानांतली साखर वाहणाऱ्या वाटा निराळ्या; चिकाची घरे निराळी. या घरांचे दोन प्रकार शास्त्रज्ञ सांगतात. पहिल्यात एकेक पेशीच शाखा फोडीत वाढत जाते. कण्हेरीच्या बीजातल्या गर्भात अशा साधारण २८ पेशी मोजल्या गेल्या आहेत. तेवढ्याच साऱ्या झाडभर पसरतात! दुसऱ्यात अनेक पेशी रांगेने जुळतात, मधल्या भिंती विरतात आणि नळ्यांचे जाळे तयार होते.

निसर्गाला ही युक्ती एकदाच सुचली असेही नाही. चाळीसएक कुळांतल्या सुमारे २०,००० जातींत चीक सापडतो, आणि तो वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे उपजला आहे. त्याचे काम संरक्षणाचे. किड्याने पान कुरतडले की नळीत दाबून राहिलेला चीक उसळतो, हवेत घट्ट होतो, किड्याचे तोंड चिकटवतो आणि जखमही बुजवतो. किडेही काही कमी नाहीत! रुईच्या जातीच्या झाडांवर जगणारे काही सुरवंट आधी पानाची शीर चावून चीक वाहू देतात आणि मग पुढचे पान निवांत खातात. कोट्यवधी वर्षांचा हा डावपेच. त्यात माणूस शिरला तो अगदी अलीकडे.

१८८५ मध्ये बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड काँगोच्या अफाट प्रदेशाचा खाजगी धनी होऊन बसला. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेली धाव काढली, सायकली आणि पाठोपाठ मोटारी धावू लागल्या आणि रबराला सोन्याचा भाव आला. काँगोच्या रानात लँडोल्फियाच्या वेली उंच झाडांवर चढलेल्या होत्या. गावागावावर रबराचा वाटा बसवला गेला. पुरुष रानात धाडायचे आणि ते परतेपर्यंत बायकांना ओलीस ठेवायचे, अशी ती रीत. शिपायांना झाडलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागे, आणि पुरावा म्हणून ते माणसाचा तोडलेला हात आणीत. दिवाळीच्या अंकात हे लिहिताना लेखणी अडखळते. पण गाळले तर हकीकतच खोटी होईल.

आता वेलीचा स्वभाव पाहा. तिचे खोड बारीक, साल पातळ. एका घावात मिळणार तो थोडकाच चीक. माणसे तो अंगावर माखून वाळवीत आणि केसांसकट ओरबाडून काढीत. बेताने घाव घालून वेलीला सावरायला वेळ दिला, तर ती पुन्हा चीक देते. पण ज्याची बायको कोठडीत आहे, त्याने वेलीला वेळ कुठून द्यावा? तो वेलच तोडी. जवळच्या वेली संपल्या की आणखी आत जाई. तिकडे शेते ओस पडत. जखम बुजवण्यासाठी झालेल्या रसासाठी जखमा करीत सुटायचे, असा हा उलटा व्यवहार.

त्याच काळात दुसरीकडे निराळी तयारी चालली होती. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या झाडाचे, म्हणजे हेव्हियाचे, सुमारे ७०,००० बी लंडनजवळच्या क्यू बागेत पोहोचवले. तिथून रोपे सिंहलद्वीपाला आणि मलायाला गेली. हेव्हियाची नळी दुसऱ्या प्रकारची, म्हणजे जाळ्याची. सालीचा पातळ पापुद्रा काढला तर दूरवरचा चीक त्या वाटेने ओघळतो, आणि साल पुन्हा भरून येते. सिंगापूरच्या बागेचे प्रमुख हेन्री रिडली यांनी हे तंत्र बसवले. १९१३ च्या सुमारास मळ्यांच्या रबराने रानरबराला मागे टाकले. अर्थात मळ्यांवर राबलेल्या तमिळ मजुरांचे हालही थोडे नव्हते.

मग काँगो सुटला तो हेव्हियाच्या सालीमुळे, असे म्हणावे काय? मला ते मान्य नाही. अँटवर्पच्या धक्क्यावर एडमंड मोरेल या कारकुनाने पाहिले, की जहाजे रबर आणि हस्तिदंत घेऊन येतात आणि परत जाताना बंदुका-काडतुसे नेतात. हा व्यापार नव्हे, हे त्याने ओळखले. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ मध्ये निघाला. मिशनरी ॲलिस हॅरिस यांनी टिपलेली छायाचित्रे गावोगाव पडद्यावर दाखवली गेली. १९०८ मध्ये राजाच्या हातून काँगो काढून बेल्जम सरकारकडे देण्यात आला. जुलूम एका दिवसात थांबला नाही, हे खरे. परंतु रबराचा भाव कळसाला पोहोचला तो १९१० मध्ये. म्हणजे राजाचा हात धरला गेला तो नफा चढत असताना. बाजार नंतर बदलला. माणसे त्याआधी बोलली होती.