३०० एसएल : दारे वर का उघडतात?

फेब्रुवारी १९५४. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मर्सिडीजने ३०० एसएल मांडली. पंखांसारखी वर उघडणारी तिची दारे निव्वळ ऐट वाटतात. त्यांचे मूळ मात्र अडचणीत आहे. १९५२च्या शर्यतीच्या गाडीसाठी रुडॉल्फ उलेनहाउट यांनी बारीक पोलादी नळ्यांचा, जेमतेम ५० किलोंचा सांगाडा रचला. तो ताठ राहावा म्हणून बाजूच्या नळ्या उंच घ्याव्या लागल्या. नेहमीच्या दाराला जागाच उरली नाही, तेव्हा बिजागऱ्या छपरावर गेल्या!

विक्रीच्या गाडीत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. वेग ताशी २२० किलोमीटरहून अधिक. मागचा ॲक्सल मात्र दगा देई. वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला, की गाडीची शेपटी फिरे. कौतुकाच्या भरात हे सहसा गाळले जाते. १९५७च्या उघड्या टपाच्या आवृत्तीत ॲक्सल सुधारला, बाजूच्या नळ्या खाली आल्या आणि दारेही साधी झाली.