बूट परत घेण्याचे नियम : दुकानाची सवलत आणि ग्राहकाचा हक्क

जून उजाडला, की शनिवार-रविवारी कर्जत आणि खोपोलीकडे येणाऱ्या लोकलगाड्यांत पाठीवर सॅक लावलेल्या तरुणांची गर्दी दिसू लागते. पेठचा कोथळीगड, ढाक-बहिरी, सोंडाई, कोंडाण्याची लेणी, चौकजवळचा इर्शाळगड आणि नेरळहून चढणाऱ्या माथेरानच्या वाटा या सर्व ठिकाणी पावसाळ्यात पायांत साधी चप्पल चालत नाही. त्यामुळे मे महिन्यातील सवलतीच्या विक्रीत पदभ्रमणाचे बूट, पावसाळी जाकिटे आणि सॅक यांची खरेदी होते. ही खरेदी बहुतेक करून कल्याण, ठाणे, पनवेल किंवा नवी मुंबईतील क्रीडासाहित्याच्या दालनांत अथवा इंटरनेटवरून केली जाते. पहिल्या चढणीवर बुटाचा तळ सुटला किंवा घरी आल्यावर माप लहान निघाले, की बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला मजकूर प्रथमच वाचला जातो.

हा मजकूर वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. वस्तू निर्दोष आहे, पण ग्राहकाला ती नको आहे, ही एक स्थिती. आणि वस्तूच सदोष आहे, ही दुसरी. पहिल्या स्थितीत दुकानातून केलेल्या खरेदीपुरते पाहिल्यास माल परत घेण्याचे कोणतेही बंधन कायदा दुकानदारावर घालत नाही. तेथे चालते ते दुकानाने स्वतःहून दिलेले वचन. दुसऱ्या स्थितीत मात्र दुकानाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. क्रीडासाहित्याच्या मोठ्या कंपन्यांची धोरणे या दोन्ही स्थिती एकाच परिच्छेदात गुंफतात आणि मग विक्रेता व ग्राहक दोघेही एकमेकांशी वेगवेगळ्या विषयावर भांडत राहतात.

नको असलेली वस्तू

माप चुकले, रंग आवडला नाही, भेट म्हणून मिळालेली वस्तू दुहेरी झाली, ही नेहमीची कारणे. कर्जत-खालापूरच्या संदर्भात त्यात आणखी एक भर पडते. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात दुर्घटना घडू लागल्या, की तेथे जाण्यास मनाई करणारे आदेश प्रशासन काढते. गेल्या अनेक पावसाळ्यांत कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठिकाणांबाबत असे आदेश निघाले आहेत. सहल रद्द होते आणि नवे कोरे बूट खोक्यात पडून राहतात. सहल सरकारी आदेशाने रद्द झाली म्हणून बुटात दोष उत्पन्न होत नाही. ते परत घ्यायचे की नाही हे सर्वस्वी दुकानाच्या धोरणावर अवलंबून असते.

अशा धोरणात चार गोष्टी शोधाव्यात : मुदत किती, ती खरेदीच्या दिवसापासून मोजायची की घरपोच मिळाल्यापासून, वस्तू कोणत्या अवस्थेत हवी, आणि मोबदला रोख मिळणार की क्रेडिट नोटच्या रूपाने. शेवटच्या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ‘परत घेतले जाईल’ याचा अर्थ ‘पैसे परत मिळतील’ असा होतोच असे नाही. क्रेडिट नोटला स्वतःची मुदत असते आणि ती बहुधा त्याच दुकानात वापरावी लागते. वर्षातून एकदाच ठाण्याच्या दालनात जाणाऱ्या खालापूरच्या ग्राहकाला अशा नोटेचा उपयोग बेताचाच. काही कंपन्या सभासदांना अधिक मुदत देतात आणि सभासदत्व मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असते. यात गैर काही नाही. मात्र मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय बिलच देणार नाही, असा हट्ट दुकानदाराला धरता येत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये तशी स्पष्ट सूचना किरकोळ विक्रेत्यांना दिली आहे.

वस्तूची अवस्था हा खरा वादाचा विषय. बहुतेक दालने ‘न वापरलेली, मूळ खोक्यासह आणि टॅग न काढलेली’ अशी अट घालतात. बुटांच्या बाबतीत तळवाच साक्ष देतो. दस्तुरी नाक्यापुढे माथेरानमध्ये वाहनांना बंदी असल्याने तेथे चालणे चुकत नाही, आणि त्या तांबड्या मातीत एकदा पाऊल पडले, की तळव्याच्या खाचांतून तो रंग सहजासहजी निघत नाही. म्हणून नवे बूट आधी घरातल्या स्वच्छ फरशीवर, तेही संध्याकाळी घालून पाहावेत. दिवसभराच्या वावराने पाय किंचित सुजलेले असतात आणि उतारावर पायाची बोटे पुढे सरकतात. चढणीला ज्या जाड मोज्यांसह बूट वापरायचे तेच मोजे तेव्हा घालावेत. अर्धा तास घरात फिरून टोचले नाही, तरच टॅग काढावा.

काही वस्तू नको असल्या तरी परत घेतल्या जात नाहीत : अंतर्वस्त्रे, पोहण्याचे कपडे, दातांवर बसवायचे रक्षक, उघडलेली पोषक पावडर, नाव छापून घेतलेली जर्सी. आरोग्याचे किंवा पुनर्विक्रीचे कारण येथे उघड आहे. प्रस्तरारोहणाच्या दोराचे कारण थोडे वेगळे. दोर बाहेरून नवा दिसला तरी त्याने धारदार कड्याचा घास सोसला आहे का, तो रसायनाजवळ ठेवला होता का, हे विक्रेत्याला कळण्याचा मार्ग नाही. असा दोर दुसऱ्याला विकणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. शिरस्त्राणाचेही तसेच, एका जोरदार आघातानंतर त्यातील फोम आतून दबलेला असू शकतो. या नियमाबद्दल दुकानदाराशी हुज्जत न घातलेलीच बरी.

सदोष वस्तू

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातील दुकानांच्या बिलांवर पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. ते ग्राहकहिताविरुद्ध असल्याचे केंद्र सरकारने राज्यांना १९९९ मध्ये कळवले होते, तरी पाटी काही हलली नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाविरुद्ध तक्रारीची सोय होती. परंतु माल परत घेण्यास नकार देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे त्यात थेट म्हटलेले नव्हते. ती उणीव २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने भरून काढली. या कायद्याच्या कलम २(४७) नुसार, सदोष वस्तू बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीदेखील त्याच कलमाने अनुचित प्रथा ठरवली आहे.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांची अडचण नेमकी या तीस दिवसांपाशी होते. मेच्या पहिल्या आठवड्यात घेतलेले बूट जूनअखेरीस प्रथम पायांत चढतात आणि पेठच्या किल्ल्यावरील कातळात खोदलेल्या पायऱ्या चढताना तळ सुटतो, तेव्हा मुदत संपलेली असते. विक्रेता बिलावर बोट ठेवतो आणि ग्राहक निमूटपणे परततो. प्रत्यक्षात तीस दिवस संपले म्हणजे हक्क संपला असे नव्हे. सदोष मालाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. उत्पादकाने स्वतंत्र हमी दिली असल्यास तीही दुकानाच्या परतीच्या मुदतीवर अवलंबून नसते. सवलतीच्या विक्रीत घेतलेल्या मालालाही हेच लागू. सवलत किमतीत असते, दर्जात नव्हे. ‘दोष असलेला माल’ असे आधीच सांगून स्वस्तात विकला असेल, तर त्या सांगितलेल्या दोषापुरती गोष्ट निराळी.

दोष आणि झीज यांतील सीमा ओळखणे मात्र सोपे नाही. दोन-तीन पावसाळे वापरलेल्या बुटाची टाच घासली, ही झीज. पहिल्या-दुसऱ्या वापरात डिंक सुटून तळ वेगळा झाला, हा दोष. याखेरीज कोकणच्या हवेत महत्त्वाचा ठरणारा एक तिसरा प्रकार आहे. पदभ्रमणाच्या अनेक बुटांचा मधला तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील बाष्पाने या पदार्थाचे रेणू हळूहळू तुटत जातात. बूट वापरात नसला तरी ही क्रिया चालूच राहते आणि काही वर्षांनी तळ अक्षरशः भुग्यासारखा गळून पडतो. बंद कपाटात, दमट हवेत ठेवलेल्या बुटाचे हे हाल लवकर होतात. ईव्हीए या फोमला हा विकार जडत नाही, तो फक्त दबून चपटा होतो. म्हणून खरेदी करताना खोक्यावरील उत्पादनाचा महिना व वर्ष जरूर पाहावे. वेष्टित वस्तूंवर ही माहिती, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आवश्यक आहे. चार-पाच वर्षांपूर्वी बनलेला जोड ‘आज’ विकत घेतला, तरी त्याचे वय आजपासून सुरू होत नाही. विक्रेत्याच्या गोदामात म्हातारा झालेला बूट तीन महिन्यांत फाटला, तर ती ग्राहकाने केलेली झीज कशी म्हणावी?

जाकिटाबाबतही शब्दांकडे पाहावे. ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ हे एक नव्हेत. लेबलावर २००० मिलिमीटर असा आकडा असेल, तर ते कापड दोन मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते, असा त्याचा अर्थ. शिवणी आतून टेपने बंद केल्या नसतील तर पाणी सुईच्या भोकांतून शिरणारच. विक्रेत्याने दावा केलेला दर्जा वस्तूत नसणे हाही कायद्याच्या व्याख्येनुसार दोष आहे. म्हणून लेबल आणि जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवावे. उलट, उल्हास नदीच्या ओढ्यात घोट्याच्या वर पाणी जाऊन बूट आतून भिजला, तर तो वॉटरप्रूफ नव्हता असे म्हणता येणार नाही.

तळ सुटलेला बूट घरी येताच मोच्याकडे नेण्याची घाई बहुतेक जण करतात. शिवून घेतलेल्या बुटात मूळ दोष कोणता, हे सिद्ध करणे कठीण होते. आधी छायाचित्रे, मग विक्रेत्याला लेखी कळवणे, हाच क्रम ठेवावा. दोषामुळे कोणी घसरून जखमी झाले असेल, तर वस्तू जशीच्या तशी राखून ठेवणे अधिकच महत्त्वाचे; कारण २०१९ च्या कायद्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण असून सदोष उत्पादनामुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडून, आणि ठरावीक परिस्थितीत विक्रेत्याकडूनही, मागता येते.

इंटरनेटवरील खरेदी

२०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्यावर परतीची मुदत, पैसे परत करण्याची पद्धत आणि माल परत पाठवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे आधीच जाहीर करण्याचे बंधन घातले आहे. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आली असेल, तर ती परत घेण्यास नकार देता येत नाही. उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झाला असल्यास एवढाच अपवाद. कागदावर हे उत्तम आहे. कर्जतच्या ४१०२०१ या पिनकोडला वस्तू पोहोचते म्हणून डोंगरपायथ्याच्या वाडीतून ती परत न्यायला माणूस येईलच, याची मात्र शाश्वती नसते. तशी सेवा आहे की नाही, हे मागणी नोंदवण्यापूर्वी पाहावे. स्वतः पाठवावी लागल्यास स्पीड पोस्टची पावती आणि पाकीट बंद करण्यापूर्वीचे छायाचित्र हेच पुरावे.

वाटाड्यांचे काय?

कर्जत-खालापूरच्या गावांतील अनेक तरुण पावसाळ्यात वाटाड्याचे काम करतात. पोटापाण्यासाठी घेतलेले बूट किंवा शिरस्त्राण ‘व्यापारी कारणासाठी’ घेतले असे सांगून त्यांना ग्राहक मानण्यास नकार दिला जाऊ शकतो. हे चूक आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतलेली मानली जात नाही, असे कायदाच सांगतो. पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी चाळीस शिरस्त्राणे घेणारी सहल कंपनी मात्र या सवलतीत बसणे अवघड.

तक्रार कोठे?

पहिली पायरी विक्रेत्याला लेखी तक्रार. दुसरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक. तेथे मराठीतूनही बोलता येते. हेल्पलाइनचे म्हणणे विक्रेत्यावर बंधनकारक नसते, तरीही मोठ्या कंपन्यांशी असलेले किरकोळ तंटे पुष्कळदा तेथेच मिटतात.

तेथे न मिटल्यास जिल्हा आयोग. जुन्या कायद्यात विक्रेत्याचे ठिकाण किंवा खरेदीची जागा पाहून तक्रार करावी लागे. ठाण्यात घेतलेल्या बुटासाठी कर्जतकराला ठाण्याच्या फेऱ्या पडत. आता तक्रारदार राहतो किंवा नोकरी-धंदा करतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. कर्जत आणि खालापूरकरांसाठी तो आयोग अलिबागला आहे. मध्य रेल्वेच्या मार्गावर राहणाऱ्यांना ठाणे जितके जवळ, तितके अलिबाग नव्हे. खोपोलीहून पेणमार्गे एसटीने जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. त्यावर उपाय म्हणजे इंटरनेटवरून तक्रार दाखल करणे. त्यासाठी २०२० मध्ये ई-दाखिल ही व्यवस्था सुरू झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आली. सुनावणी दृक्‌श्राव्य माध्यमातून व्हावी, असा अर्जही करता येतो. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही. प्रकरण तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागल्यास पाच महिन्यांत, निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात वेळ याहून अधिक लागू शकतो. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा व्याजासह पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो, शिवाय नुकसानभरपाईचाही.

तक्रारीसोबत बिल, खोक्यावरील उत्पादनाची तारीख, दोषाची छायाचित्रे आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जोडावा. थर्मल कागदावरील बिलाची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. खरेदीच्या दिवशीच त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.